जुळणीचा प्रश्न, मालकीचा प्रश्न

३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील ए.ओ.एल. या कंपनीने आपली डायल-अप इंटरनेट सेवा बंद केली. दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमच्या कर्कश खरखरीनंतर सुरू होणाऱ्या या सेवेचे एके काळी अडीच कोटींहून अधिक ग्राहक होते. वृत्तपत्रांनी या बातमीकडे गतकाळाच्या हळव्या आठवणी म्हणून पाहिले आणि ती संपवली. परंतु ए.ओ.एल. ही बडी कंपनी होती. तिच्याच काळात, १९९३-९४ नंतर, अमेरिकेच्या लहानलहान शहरांतून हजारो छोटे इंटरनेट-सेवादाते उभे राहिले होते. कोणी शाळामास्तर, कोणी रेडिओ दुरुस्त करणारा, कोणी विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला तरुण. हे सारे ए.ओ.एल.च्या कितीतरी आधी नाहीसे झाले, आणि त्यांच्या अंताची बातमी कोणी छापली नाही.

ते का संपले, या प्रश्नाला मात्स्यन्यायाचे ठरीव उत्तर दिले जाते. मोठा मासा लहान माशाला खातो, त्याला इलाज नाही. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. मोठ्या माशाच्या तोंडी जाण्यापूर्वी लहान माशाच्या अंगातील रक्त कोठे शोषले गेले, हे ते सांगत नाही. त्या छोट्या सेवादात्याच्या मागच्या खोलीत डोकावले, त्याच्या खर्चाची वही चाळली, तर एक क्षुल्लक वाटणारी बाब पुन्हापुन्हा आढळते, ती म्हणजे जुळणाऱ्या सुट्या भागांचा शोध. कोणते कार्ड कोणत्या यंत्रात चालेल, कोणती हार्ड डिस्क कोणत्या जोडणीवर बसेल, कोणता मोडेम कोणत्या मोडेमशी बोलेल, हा प्रश्न तंत्रज्ञाचा आहे असे समजून राजकीय कार्यकर्ते तो बाजूला ठेवतात. वास्तविक तो मालकीचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो राजकीय प्रश्न आहे.

मागच्या खोलीतील कारखाना

अशा सेवादात्याचा पसारा तो केवढा? वीस-तीस दूरध्वनी-जोडण्या, तितकेच मोडेम, त्या सर्वांना एकत्र आणणारा एक टर्मिनल सर्व्हर, ग्राहकाचे नाव आणि परवलीचा शब्द तपासणारा एक संगणक, टपाल सांभाळणारा दुसरा, आणि बाहेरच्या जगाकडे जाणारी भाड्याची एक वाहिनी. दहा ग्राहकांमागे एक दूरध्वनी-जोडणी पुरते, असा या धंद्यातील ढोबळ हिशेब होता. तीस जोडण्या म्हणजे तीनशे ग्राहक. एवढ्या उत्पन्नात बड्या कंपन्यांचे खास सर्व्हर परवडणे शक्य नव्हते. म्हणून बाजारात मिळणारे साधे वैयक्तिक संगणक आणायचे आणि त्यांवर मुक्त सॉफ्टवेअर चालवायचे, हा मार्ग बहुतेकांनी धरला. लिनक्सचा आरंभ १९९१ मधला, फ्रीबीएसडीचा १९९३ मधला. सॉफ्टवेअरला पैसे पडत नव्हते आणि त्याची आतली रचना कोणालाही वाचता येत होती. उत्पादनाच्या साधनांचा अर्धा भाग अशा रीतीने जवळजवळ सामाईक मालकीचा झाला होता.

परंतु उरलेला अर्धा भाग, म्हणजे प्रत्यक्ष यंत्र, बाजारातून आणावा लागे आणि अडचण तेथे सुरू होई. संगणकाच्या मालिका-द्वारात, म्हणजे सीरियल पोर्टमध्ये, बसवलेली जुनी ८२५० जातीची चिप एका वेळी एकच अक्षर धरून ठेवी. संगणक दुसऱ्या कामात गुंतला असेल तर पुढचे अक्षर पहिल्यावर येऊन पडे आणि ग्राहकाचा मजकूर तुटे. १६५५० जातीच्या चिपमध्ये सोळा अक्षरांची साठवण होती. तिच्याविना वेगवान मोडेम चालवणे व्यर्थ. पण कार्ड विकत घेताना खोक्यावर हे लिहिलेले असेच असे नाही. स्कझी जातीच्या डिस्क कोठे पन्नास, कोठे अडुसष्ट, तर कोठे ऐंशी टाचण्यांच्या. साखळीच्या टोकाला योग्य टर्मिनेटर बसवला नाही तर सर्व काही ठीक दिसे आणि मध्यरात्री टपालाचा सर्व्हर बंद पडे. पेंटियमच्या यंत्रात बहात्तर टाचण्यांच्या स्मृतिपट्ट्या जोडीजोडीने बसवाव्या लागत, एक बिघडली तर तिला जुळणारी दुसरी शोधणे आले.

सर्वांत वाईट प्रकार नेटवर्क कार्डांचा. एकाच नावाचे, एकाच रंगाच्या खोक्यातील कार्ड सहा महिन्यांनी पुन्हा मागवले तर आतली चिप बदललेली असे. निर्मात्याने स्वस्त पडणारी दुसरी चिप घातली, नाव मात्र तेच ठेवले. पहिले कार्ड चाले, दुसरे चालत नसे. ते चालवण्यासाठी लागणारा ड्रायव्हर लिहायचा तर चिपचे तपशील हवेत, आणि ते तपशील अनेक निर्माते देत नसत किंवा गुप्ततेच्या करारावर सही केल्याविना दाखवत नसत. ज्या वस्तूचे पूर्ण दाम मोजले तिच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे हे विकणारा सांगत नाही! शेतकऱ्याने बैल विकत घ्यावा आणि तो कोणत्या हाकेला वळतो हे विकणाऱ्याने दडवून ठेवावे, तसाच हा व्यवहार.

या कोंडीतून वाट काढली ती याच लोकांनी. कोणते कार्ड चालते, कोणते चालत नाही, कोणत्या आवृत्तीपासून सावध राहावे, याच्या याद्या त्यांनी स्वयंस्फूर्तीने तयार केल्या. लिनक्सचे ‘हार्डवेअर कम्पॅटिबिलिटी हाउटू’ हा दस्तऐवज त्यांपैकीच एक. एकाने पैसे घालवून शिकलेली गोष्ट हजारांना फुकट कळावी, हा त्यामागील विचार होता. परस्परांचे स्पर्धक असलेले हे छोटे धंदेवाले ज्ञानाच्या बाबतीत मात्र सहकारी झाले. बाजाराच्या पोटातच बाजाराच्या नियमाबाहेरचा हा व्यवहार चालला होता, आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याची दखल अभावानेच घेतली गेली.

जुळणी निसर्गतः येत नाही

यंत्रे एकमेकांशी जुळतात हे आज इतके गृहीत धरले जाते की ती जुळावीत म्हणून झगडावे लागले याचा विसर पडतो. अमेरिकेत दूरध्वनीच्या जाळ्यावर बेल कंपनीची मक्तेदारी होती, आणि तिच्या तारेला तिने न दिलेले कोणतेही उपकरण जोडण्यास मनाई होती. टेक्सासमधील एका उद्योजकाने रेडिओ-संभाषण दूरध्वनीशी जोडणारे ‘कार्टरफोन’ नावाचे उपकरण काढले. त्यावरून झालेल्या वादात तेथील संघीय दळणवळण आयोगाने १९६८ मध्ये निर्णय दिला की, जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला आपले उपकरण तारेला जोडता आले पाहिजे. हा निर्णय झाला नसता तर घरोघरचा मोडेम झाला नसता, आणि मागच्या खोलीतील सेवादाताही झाला नसता. खाजगी उद्यमशीलतेची फलश्रुती म्हणून जे मिरवले जाते त्याच्या मुळाशी सार्वजनिक नियमन होते, हे विसरता कामा नये.

१९८१ मध्ये हेज कंपनीचा ‘स्मार्टमोडेम’ आला. त्याला आज्ञा देण्याची पद्धत इतरांनी उचलली आणि ‘हेज-कम्पॅटिबल’ हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षी आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणक काढला. त्याचे बहुतेक भाग बाहेरून आणलेले असल्यामुळे त्याची नक्कल अवघड नव्हती, कुलूप होते ते फक्त बायोस या छोट्या प्रणालीत. कॉम्पॅक कंपनीने मूळ मजकूर न पाहता, केवळ त्याचे वर्तन अभ्यासून, तीच कामे करणारी नवी प्रणाली लिहिली. कुलूप उघडले, शेकडो उत्पादक पुढे आले, किमती कोसळल्या. आपण काय गमावले हे आय.बी.एम.च्या ध्यानात आले तेव्हा तिने १९८७ मध्ये ‘पी.एस./२’ ही नवी मालिका काढली, तिच्यात ‘मायक्रो चॅनेल’ नावाची नवी, हक्क राखलेली जोडणी घातली, आणि ती वापरू इच्छिणाऱ्यांकडे मोबदला मागितला. पुढच्याच वर्षी नऊ उत्पादकांनी एकत्र येऊन दुसरी जोडणी जाहीर केली. आय.बी.एम.चा डाव फसला.

या इतिहासाचे सार असे की, जुळणी ही तंत्रज्ञानाची सहज देणगी नाही. ती कधी कायद्याने, कधी नकलेने, कधी संघटित नकाराने मिळवावी लागते. आणि मिळाली तरी ती टिकेल याची शाश्वती नसते, कारण ज्याच्या हाती बाजार आहे त्याला कुलूप पुन्हा लावण्याचा मोह सदैव असतो.

छप्पन्न हजारांचे युद्ध

१९९७ मध्ये हा मोह पुन्हा प्रकट झाला. तोवर साध्या दूरध्वनी-तारेवर सेकंदाला सुमारे ३३,६०० बिट एवढी वेगमर्यादा होती. ती छप्पन्न हजारांपर्यंत नेणारे तंत्र निघाले, पण दोन तोंडांनी. यू.एस. रोबोटिक्सचे ‘एक्स टू’ आणि रॉकवेल व ल्यूसेंट यांचे ‘के छप्पन्न फ्लेक्स’. एकाचा मोडेम दुसऱ्याशी त्या वेगाने बोलत नसे. ग्राहकाने दुकानातून कोणता मोडेम आणला हे सेवादात्याच्या हाती नव्हते. त्यामुळे दोन्ही जातींची उपकरणे घ्यावीत किंवा अर्ध्या ग्राहकांवर पाणी सोडावे, एवढेच पर्याय त्याच्यासमोर उरले.

दुसरा आघात याहून खोल होता. हा वेग मिळण्यासाठी सेवादात्याच्या बाजूची जोडणी डिजिटल असणे आवश्यक होते. म्हणजे एकेक तार आणि एकेक मोडेम करून पैपैने वाढवलेली सारी मांडणी एका वर्षात निरुपयोगी ठरली. आता दूरध्वनी-कंपनीकडून चोवीस वाहिन्यांची एकत्र डिजिटल जोडणी घ्यायची आणि ती हाताळणारे महागडे यंत्र विकत घ्यायचे. भांडवल तुकड्यातुकड्याने घालता येत होते तोवर लहान माणूस टिकला. ते एकरकमी घालावे लागले तेव्हा तो बँकेच्या दारात गेला, आणि बँकेला तारण हवे होते. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अशा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये ‘व्ही. नव्वद’ हे सामाईक मानक ठरवले तेव्हा युद्ध मिटले. परंतु युद्धाचा खर्च कोणी सोसला? दोन्ही बाजूंच्या कंपन्यांनी आपापले मोडेम विकून घेतले होते. चुकीच्या बाजूची यंत्रे पदरात घेऊन बसला तो छोटा सेवादाता.

मार्क्सने यंत्राच्या झिजेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक वापरामुळे होणारी भौतिक झीज आणि दुसरी ‘नैतिक’ झीज, म्हणजे यंत्र धडधाकट असतानाही नव्या यंत्रामुळे त्याचे मूल्य घटणे. या दुसऱ्या झिजेमागे खरी उत्पादकता वाढलेली असते असे त्याच्या विवेचनात गृहीत आहे. आजच्या भांडवलशाहीने त्यात तिसरा प्रकार घातला आहे. उत्पादकता न वाढता, केवळ जुळणी तोडून घडवून आणलेली झीज. चिप बदलली, नाव तेच ठेवले, टाचण्या बदलल्या, तपशील दडवले. यंत्र चालू आहे, पण त्याला सोबती मिळत नाही, म्हणून ते मेले. हा घसारा कोणत्याही ताळेबंदात वेगळा दाखवला जात नाही. तो बलवानाकडून दुर्बलाकडे सरकवला जातो, एवढेच.

यावर असा आक्षेप येईल की, न जुळणे ही प्रगतीची किंमत आहे, जुन्याशी जुळवत बसले तर नवे येणार कसे? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. छप्पन्न हजारांचा वेग ही प्रगती होती. त्या वेगाच्या दोन परस्परविरोधी बोली असणे ही प्रगती नव्हती, ती बाजार काबीज करण्याची चढाओढ होती. जुन्याशी फारकत कोणत्या ज्ञानामुळे अटळ झाली आणि कोणत्या स्वार्थामुळे केली गेली, हा भेद करता आला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, ब्रॉडबँड येताच डायल-अप जाणारच होते. तेही खरे आहे. पण सेवेची तऱ्हा जाणे वेगळे आणि सेवा देणारा जाणे वेगळे. अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या दूरध्वनी-कंपन्यांना आपल्या तारा स्पर्धकांसाठी खुल्या करण्यास सांगितले होते. त्या आधारावर काही छोटे सेवादाते ब्रॉडबँडकडे वळलेही. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने केबल-इंटरनेटवरील अशी बंधने नाकारणाऱ्या आयोगाची बाजू उचलून धरली, आणि आयोगाने त्याच वर्षी दूरध्वनी-कंपन्यांच्या ब्रॉडबँडलाही त्यांतून मोकळे केले. दार बंद झाले ते कायद्याच्या हाताने. नव्या तंत्राने ते बंद केले नव्हते.

भारतातील चित्र

भारतात हा खेळ वेगळ्या रंगमंचावर झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट-सेवा सुरू केली. निगम सरकारी होता, मक्तेदारीही सरकारी होती. समाजवादी चळवळीने हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे की, केवळ मालकी सरकारी असल्यामुळे दार सर्वांना उघडे झाले नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यावर केवळ अक्षरे दिसत, चित्रांचे इंटरनेट महाग खात्यासाठी राखून ठेवलेले होते. तार तीच, मोडेम तोच. भेद होता तो दरपत्रकात.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी सेवादात्यांना वाट मोकळी झाली. परवान्याचे तीन वर्ग केले गेले. ‘अ’ वर्ग देशभरासाठी, ‘ब’ वर्ग एखाद्या दूरसंचार-मंडळासाठी किंवा पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरासाठी, आणि ‘क’ वर्ग जिल्ह्याच्या आसपासच्या छोट्या क्षेत्रासाठी. परवाना-शुल्क आरंभीच्या वर्षांत माफ होते. कागदावर हे धोरण लहान माणसाच्या बाजूचे होते. परंतु परवाना म्हणजे साधन नव्हे. दूरध्वनी-जोडण्या सरकारी दूरसंचार खात्याकडून किंवा महानगर टेलिफोन निगमकडून घ्यायच्या, आणि लवकरच तेच स्वतः इंटरनेट विकू लागले. सामान घ्यायचे ते आयात केलेले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस येथे मिळेल तो भाग उचलायचा, तो जुळेल अशी आशा धरायची, आणि न जुळल्यास पुन्हा रात्रीची गाडी पकडायची. तालुक्याच्या गावी सेवा देऊ पाहणाऱ्याला एका बिघडलेल्या कार्डासाठी जो वेळ जाई, तेवढ्यात त्याचे ग्राहक ‘अ’ वर्गाच्या कंपनीकडे जात. पुढे २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने घरापर्यंतच्या तारा इतरांना खुल्या कराव्यात अशी शिफारस केली, पण त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने ते बंधन घातले नाही. ‘क’ वर्गाचा प्रश्न तेथेच निकालात निघाला.

या देशाला हा धडा त्याआधीच मिळाला होता. १९५९ साली बाजारात आलेले १४०१ जातीचे संगणक आय.बी.एम.ने येथे डागडुजी करून, भाड्याने, पुढे वर्षानुवर्षे चालवले. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७० च्या दशकात या व्यवहारावर कठोर टीका केली. परकी चलन नियमन कायदा १९७३ चा. त्यातील भागभांडवलाची अट आय.बी.एम.ने मानली नाही, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना जनता सरकार त्या अटीवर ठाम राहिले, आणि १९७८ मध्ये कंपनी देश सोडून गेली. हिच्या यंत्रांचे आता काय होणार, हा प्रश्न तेव्हा भीती घालण्यासाठी विचारला गेला. सी.एम.सी. या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने देशभर शेकडो ठिकाणी ती यंत्रे सांभाळून दाखवली. ज्यांना केवळ चालक समजले गेले होते ते दुरुस्त करणारे निघाले. या कर्तबगारीची चळवळीने पुरेशी दखल घेतलेली नाही.

तथापि अर्धवट गौरव करणे योग्य होणार नाही. त्यानंतर देशी कंपन्यांनी आपापले संगणक काढले, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी राहिली. परदेशी कुलूप गेले, त्या जागी देशी कुलपे आली. याउलट उदाहरण आहे ते सी-डॉटचे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेने १२८ जोडण्यांचे ग्रामीण दूरध्वनी-केंद्र घडवले. १९८६ मध्ये ते कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. धूळ आणि उन्हाळा सोसून, वातानुकूलनाविना ते चाले. त्याचा आराखडा एका कारखान्याच्या तिजोरीत न ठेवता सार्वजनिक व खाजगी अशा अनेक उत्पादकांना दिला गेला. स्वदेशीचा खरा अर्थ येथे दिसतो. यंत्र येथे बनले एवढ्याने ते स्वदेशी होत नाही. त्याचा आराखडा अनेकांच्या हाती असला पाहिजे, आणि ते जेथे चालते तेथेच दुरुस्त होता आले पाहिजे.

वारणेचा धडा

सहकाराच्या महाराष्ट्राने एक प्रयोग केला, त्याचाही विचार येथे प्रस्तुत आहे. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणानगरचा सहकारी उद्योगसमूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांत संगणक-केंद्रे उभारण्याचा प्रकल्प हाती घेतला. ऊस-उत्पादकाला नोंदणी, तोडणी, वजन, देय रक्कम यांची माहिती गावातच मिळावी, असा हेतू. हेतू उत्तम होता आणि त्याचा काही लाभ शेतकऱ्यांना झालाही. पण यंत्रे जुनी होत गेली, त्यांची देखभाल आणि जोडणी महाग पडू लागली. पुढे संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशांनी तेच काम करून पाहिले, आणि ते स्वस्त पडले.

या घटनेचा निष्कर्ष ‘खेड्याला संगणक झेपत नाही’ असा काढणे सोपे आहे, आणि चुकीचे आहे. सहकारी कारखान्याला उसाच्या गाळपाचे अजस्र यंत्र झेपते, कारण त्याचा प्रत्येक दाता आणि रोलर कोठे घडवून मिळतो हे त्याच्या फिटरला ठाऊक असते. संगणक झेपला नाही, कारण संगणकाचा फिटर घडवण्याची व्यवस्था प्रकल्पात नव्हती. उद्घाटनाला पैसा असतो, सुट्या भागांना नसतो. सहकाराने यंत्र विकत घेतले, यंत्राचे ज्ञान विकत घेतले नाही. आणि ज्ञान विकत मिळत नसेल तर ते उघड करण्याची अट खरेदीच्या करारात घातली नाही.

आज काय करावे

हा केवळ इतिहास असता तर तो विद्यापीठांकडे सोपवता आला असता. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज दहा’चा नियमित आधार काढून घेतला. त्यापुढची ‘विंडोज अकरा’ ही प्रणाली विशिष्ट सुरक्षा-चिप नसलेल्या किंवा ठरावीक पिढीच्या आधीच्या यंत्रांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. जगभरातील कोट्यवधी धडधाकट संगणक त्यामुळे एका तारखेला ‘जुने’ ठरले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, युनियनच्या कचेरीत ठेवलेली यंत्रे त्यांत आहेत. त्यांपैकी पुष्कळशी मुक्त प्रणालीवर अजून वर्षानुवर्षे चालतील. ती भंगारात जाणार की चालणार, हे ठरवणारा माणूस गावात आहे की नाही, हाच खरा प्रश्न.

दुरुस्तीच्या हक्काची भाषा आता सरकारेही बोलू लागली आहेत. भारताच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याविषयी निर्देश मंजूर केला. पण संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. निर्मात्यावर बंधन घालणारा कायदाच व्हावा लागेल, आणि तो आपोआप होणार नाही. त्यासाठी मागणी नेमकी असली पाहिजे.

पहिली मागणी अशी की, सार्वजनिक पैशाने घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राचे जोडणीचे तपशील उघड असावेत. जो निर्माता ते देणार नाही त्याची निविदा विचारात घेऊ नये. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आहे. हजारोंच्या संख्येने खरेदी करणाऱ्याला विक्रेत्यापुढे अटी घालता येतात, एकट्यादुकट्याला येत नाहीत. दुसरी, यंत्र विकल्यापासून ठरावीक वर्षे त्याचे सुटे भाग वाजवी दरात मिळण्याची हमी कायद्याने असावी, आणि आतली रचना बदलली तर नाव बदलणे बंधनकारक असावे. तिसरी, घरापर्यंतची वाहिनी, ती तांब्याची असो वा काचतंतूची, रास्त भाड्याने प्रत्येक सेवादात्याला मिळावी. ग्रामपंचायतींपर्यंत सार्वजनिक खर्चाने टाकलेल्या काचतंतूंवर गावच्या सहकारी संस्थेचा हक्क सर्वांत आधी असावा.

चौथी गोष्ट मागायची नसून करायची आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेली मुले प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांची दुरुस्ती-सहकारी संस्था उभी करणे, जुन्या यंत्रांतील चालू भाग काढून त्यांचा सामाईक साठा करणे, कोणता भाग कशाशी जुळतो याची मराठीतून वही ठेवणे, ही कामे कायद्याची वाट न पाहता करता येतात. तीस वर्षांपूर्वी तीनशे ग्राहकांच्या सेवादात्यांनी अशीच यादी ठेवली होती. तिच्या आधाराने ते काही वर्षे बड्या कंपन्यांसमोर उभे राहिले. त्यांच्याजवळ यादी होती, संघटना नव्हती. म्हणून ज्ञान सामाईक असूनही तार, चिप आणि कायदा यांवर त्यांचा ताबा कधीच आला नाही, आणि ते एकेकटे संपले.

उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची व्हावीत, हे समाजवादाचे जुने सूत्र आहे. ज्या यंत्राचे झाकण त्याच्या मालकाला उघडता येत नाही, ज्याचा सुटा भाग दुसऱ्या कोणाच्या मर्जीने मिळतो किंवा मिळत नाही, ते यंत्र सातबारावर नाव लागल्याने मालकीचे होत नाही. या सूत्राचा आजचा पहिला अध्याय तालुक्याच्या दुरुस्तीच्या टेबलावर लिहिला जाणार आहे. चळवळीने तेथे जाऊन बसले पाहिजे.